मखमल एकाच दिशेनं

पांढरकवड्याच्या कॉलेजात मी
तेवीस वर्षं काचा पुसत आलो.
टेंभुर्णे मॅडम आल्या त्या साली म्हणाल्या,
वाघाडे भाऊ, ही पुसायची नाही, घासायची.
आणि घासायची तर एकाच अंगानं:
जाताना टेकवा, येताना उचला.

मखमल बँडवाल्याच्या जुन्या डगल्याची,
लाल, कोपरावर विरलेली.
काचेवर आधी पातळ लेप, भट्टीत वाळवलेला,
त्यावर वीस वेळा, खिडकीकडून दाराकडे.
काचेवर ओरखडासुद्धा दिसेना.
मला वाटलं, बाई आपल्याला येड्यात काढते.

मग दोन काचांच्या मधे थेंब सोडला.
पाणी नव्हे, तेलही नव्हे,
तांदळाच्या धुवणासारखं गढूळ काहीतरी.
त्यात म्हणे लांबोडके कण,
बांधावर टाकलेल्या तुराट्यांसारखे,
वाहतात, पण शेजारच्याकडे पाहून वाहतात.
काचेला लागून असलेला पहिला
घासल्या दिशेनं आडवा होतो,
दुसरा त्याच्या कुशीला, तिसरा दुसऱ्याच्या,
आणि पार आत,
जिथल्यांना काच म्हणजे काय ठाऊकही नाही,
तिथवर निरोप पोचतो
खिडकी कुठं, दार कुठं.

जिनिंगच्या बंद पडलेल्या काट्यातून
दोन काळ्या पट्ट्या सोडवून आणल्या होत्या.
एक आडवी, एक उभी धरली की उजेड मरतो.
मधे आमची काच धरली, जराशी तिरपी.
उजेड आला.
मी माझ्या हाताकडे पाहिलं.

करिश्मा मडावीचा बाप तेलाच्या मिलमधे.
तिनं डब्यातून आणला सोयाबीनचा गाळ,
काकवीसारखा दाट, वासही तसाच गोडूस.
मॅडमनं त्यातला बोटभर स्पिरिटमधे विरघळवला,
कोऱ्या काचेवरून ओघळू दिला.
थेंब तोच, कण तेच,
पण या काचेवर कोणी आडवं होईना.
सगळे उभे.
पट्ट्यांमधे काळं, अमावस्येच्या आडासारखं.
करिश्मा म्हणाली, मॅडम, हे त काहीच दिसून नाही राह्यलं.
मॅडम म्हणाल्या, कसं दिसंल?
ते सगळे सरळ तुझ्याकडेच तोंड करून उभे आहेत.

घासलेल्या काचेवर मात्र
थेंब सोडायच्या आधीच तिचा अंगठा पडला होता.
हे आम्हाला उशिरा कळलं.
एका कोपऱ्यात उजेड वळणं घेत होता,
गोल, मग आणखी आतलं गोल,
मधे एक तिरपी चीर,
दिवाळीआधीच्या वेचणीत बोंडानं कापलेली.
पोरगी लाजली. दुसरी करते म्हणाली.
मॅडमनं चिठ्ठी डकवून तीच काच कपाटात ठेवली.

मे महिन्यात कपाटातसुद्धा शेहेचाळीस.
बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवायची
हे मी विसरलो, आणि काचेची तर आठवणच नव्हती.
दुपारी सहज पट्ट्यांमधे धरली.
सगळं निवळलेलं, साधं पाणी.
आडवं नाही, उभं नाही,
कोणी कोणाचं ऐकेना.
मॅडमची बदली होऊन तेव्हा महिना झाला होता.
त्यांच्या टेबलावर खडूची पेटी, एक छत्री.
मी काच खिशात टाकली,
आणि बोअरवेलच्या चौथऱ्यावर जाऊन बसलो.

दिवस कलला. वारा आला, गरमच,
पण दुपारपेक्षा बरा.
काच ओल्या दुपट्ट्यावर ठेवली.
आधी एका कडेला पांढुरकी फुंकर,
मग ती सरकत सरकत सगळीकडे.
पट्ट्या लावल्या, मावळतीकडे धरलं.
परतले होते.
कोणी सांगितलं नव्हतं, मखमल कपाटात होती,
तरी सगळे खिडकीकडून दाराकडे,
मी तेव्हा घासले तसेच.

आणि कोपऱ्यात
गोल, मग आणखी आतलं गोल,
मधली चीर.
करिश्मा आता वणीला नर्सिंग शिकते.
तिला सांगायला पाहिजे.